मिनी लेथवर दर पावसाळ्यात परत येणारा टेपर

मिनी लेथवर कापलेल्या बारचा व्यास चकजवळ (बार धरून फिरवणाऱ्या पकडीजवळ) १९.०२ मिमी, टोकाला १९.०९. बार एमएसचा (साध्या पोलादाचा), चकच्या बाहेर १०० मिमी, टूल तेच, आणि मधे टूल आतबाहेर करणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या हँडलला मी बोटही लावलेलं नव्हतं. म्हणजे १०० मिमीत व्यासाला सात शतांशाचा (०.०७ मिमीचा) टेपर, निमुळतेपणा. त्या बारवर गनमेटलचं बुश सरकवायचं होतं, ते टोकावरच अडलं.

टेपर आला याची चीड नव्हती. मिनी लेथ घेतला की टेपर येतोच, ते गृहीतच धरायचं. चीड याची होती की हा टेपर मी आधी दोनदा काढला होता. आदल्या वर्षीच्या जुलैत टोक जाड येत होतं म्हणून हेडस्टॉक (चक फिरवणारा स्पिंडल ज्यात असतो तो डावीकडचा भाग) ढिला करून किंचित सरकवला. जानेवारीत टोक बारीक यायला लागलं, तेव्हा तोच हेडस्टॉक उलटा सरकवला. मग परत जुलै आला, आणि टोक पुन्हा जाड. वहीत तिन्ही नोंदी एकाखाली एक दिसल्या तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. हेडस्टॉक आपणहून वर्षातून दोनदा फिरत नाही. दुसरंच काहीतरी फिरत होतं आणि मी त्याची शिक्षा हेडस्टॉकला देत होतो.

मशीन नेहमीचंच आहे. चिनी बनावटीचं, चाळीसेक किलोचं, बेडवर १८० मिमी स्विंग (एवढ्या व्यासाचा जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरू शकतो), दोन सेंटरमध्ये ३५० मिमी, स्पिंडलला एमटी३ आणि टेलस्टॉकला (उजवीकडचा, जॉबच्या टोकाला आधार देणारा भाग) एमटी२ मापाचं मोर्स टेपर भोक, वर ८० मिमीचा तीन जॉ चक. वेगवेगळ्या रंगांत आणि नावांनी जगभर विकलं जाणारं हे मशीन तुमच्याकडे असेल, तर खालचं सगळं जवळपास जसंच्या तसं लागू पडेल.

आधी चकला शिव्या देणं थांबवा

टेपर दिसला की नव्या माणसाचा पहिला संशय चकवर जातो. तीन जॉच्या स्वस्त चकमध्ये पाच-सात शतांशाचा रनआउट (धरलेला बार फिरताना डुलणं) असतोच, पण त्याचा टेपरशी संबंध नाही. जॉब त्याच पकडीत फिरतोय आणि त्याच पकडीत कापला जातोय, त्यामुळे कापलेला भाग स्पिंडलच्या अक्षाभोवती गोलच येणार. रनआउटचा त्रास जॉब काढून परत लावला की होतो.

चकचा एक दोष मात्र खरंच नडतो. जॉ तोंडाशी झिजून घंटेसारखे उघडे झालेले असतात, मग बार फक्त आतल्या बाजूला धरला जातो आणि बाहेरचं टोक डुलतं. तपासणं सोपं आहे. प्रत्येक जॉ आणि बार यांच्यामध्ये, जॉच्या पुढच्या टोकाशी, वर्तमानपत्राच्या कागदाची बारीक पट्टी ठेवून चक आवळा. पट्टी ओढल्यावर फाटली तर ठीक, अलगद निघून आली तर जॉ घासून घ्यावे लागतील.

वाक, ढिलाई की वाकडेपणा?

टेपरची कारणं तीन. कापताना बार वाकतो, मशीनचा एखादा भाग ढिला असतो, किंवा स्पिंडलचा अक्ष आणि सॅडलची (बेडवरून सरकणाऱ्या, टूल वाहणाऱ्या भागाची) चाल एकमेकांना समांतर नसते. तिन्हींचा परिणाम मायक्रोमीटरवर सारखाच दिसतो आणि इलाज मात्र तीन वेगळे. सगळी गोची इथेच होते. ढिलाई असताना हेडस्टॉक सरकवला तर आजचं माप जुळतं आणि उद्याचं बिघडतं.

वाक किती, ते कागदावर काढता येतं. २० मिमीचा स्टीलचा बार चकच्या बाहेर १०० मिमी असेल आणि टोकाला ५ किलोचा रेटा बसला, तर बार साधारण ०.०१ मिमी वाकतो, म्हणजे व्यासात ०.०२ चा फरक. लांबी दुप्पट केली की वाक आठपट, व्यास अर्धा केला की सोळापट. १० मिमीचा बार १०० मिमी बाहेर काढून, टेलस्टॉकचा आधार न देता, टेपर येतो म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही. तिथे मशीन निर्दोष आहे. व्यासाच्या तीनपटीपेक्षा जास्त लांबी बाहेर असेल तर टोकाला टेलस्टॉकचं सेंटर (टोकदार आधार) लावा.

ढिलाई मोजायला मी बॅगा तोलायचा हुकवाला काटा वापरतो. मशीनचा प्लग काढायचा. बेडवर मॅग्नेटिक बेस, त्यावरच्या डायलचं (शतांशातली हालचाल दाखवणाऱ्या गेजचं) टोक बारच्या शेवटाला, आणि काट्याने बार आडवा ओढून ५ किलोवर धरायचा. हिशोबाने सुई एक शतांश हलायला हवी. माझी पाच हलली, आणि ओढणं सोडल्यावर पूर्ण परत आली नाही, एक शतांश मागेच राहिली. सुई जाऊन परत येते तो वाक, गेलेली परत येत नाही तो प्ले. मग डायल चकच्या अंगावर लावला, तिथेही दोन शतांश. म्हणजे हालचाल बारमध्ये नव्हती, स्पिंडलच बेअरिंगमध्ये हलत होता.

या लेथमध्ये कारखान्यातून ६२०६ नंबरची बॉल बेअरिंग येतात आणि स्पिंडलच्या मागच्या टोकाला खाचा असलेले दोन गोल नट असतात. पुढचा नट थोडासा, म्हणजे घड्याळात पाच मिनिटं सरकतील एवढाच आवळायचा, मागच्याने लॉक करायचा आणि पुन्हा काट्याने ओढून पाहायचं. चक हाताने फिरवल्यावर रेटा जाणवला की जास्त झालं. आवळल्यावर मधल्या वेगावर पंधरा-वीस मिनिटं मशीन चालवून हेडस्टॉकवर हात ठेवा. कोमट लागलं तर चालेल, हात ठेववत नसेल तर नट सोडा. काही जण ६२०६ काढून ३०२०६ टेपर रोलर बसवतात. फरक पडतो, पण त्यांची रुंदी १६ ऐवजी १७.२५ मिमी असते, त्यामुळे स्पेसर घासून कमी करावा लागतो. मी अजून त्या वाटेला गेलेलो नाही. नट आवळल्यावर पाचाचे अडीच शतांश झाले, मला तेवढं पुरे होतं.

सॅडलची ढिलाई जास्त लबाड असते. कापताना जोर खाली असतो, त्यामुळे सॅडल बेडवर दाबलेलं राहतं आणि सगळं ठीक वाटतं. टेलस्टॉककडचा कोपरा हाताने वर उचलून डायल बघा. बेडच्या खालून सॅडलला धरणाऱ्या पट्ट्या नीट बसल्या नसतील तर सात-आठ शतांश सहज उचललं जातं. पट्टीचे बोल्ट ओढतात आणि ग्रब स्क्रू ढकलतात, या दोघांच्या भांडणात पट्टी तिरकी बसते. ग्रब स्क्रूंचा नाद सोडून पट्टीखाली शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घालणं बरं. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा माझ्या मायक्रोमीटरवर ०.१० मिमी भरतो आणि स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल ११ मायक्रॉन. या दोन्हींत जवळपास कुठलीही जाडी जुळवता येते. (फॉइलचा रोल गुपचूप परत ठेवता आला पाहिजे, हा वेगळा विषय.)

क्रॉस स्लाइड आणि कंपाउंड (तिच्यावरची छोटी स्लाइड) यांचे गिब (फट भरणाऱ्या पट्ट्या) हाताला किंचित जड लागतील इतके आवळा. लॉक नट आवळताना आतला ग्रब स्क्रू अ‍ॅलन कीने धरून ठेवा, नाहीतर नटाबरोबर तोही फिरतो आणि आधीची मेहनत वाया जाते. कंपाउंड आपल्या बैठकीबाहेर लटकत ठेवून कापू नका. पार्टिंगला (जॉब कापून वेगळा करताना) चॅटरिंग, म्हणजे थरथर, येण्याचं निम्मं कारण तिथेच असतं.

दोन कॉलरची चाचणी

ढिलाई काढल्यावरच भूमितीकडे वळायचं. २५ मिमीचा बार, चकच्या बाहेर १०० मिमी. दोन्ही टोकांना १० मिमी रुंदीच्या कॉलर (उंच कडी) ठेवा, मधला भाग एक मिमी खोल कापून टाका म्हणजे टूल तिथे हवेतून जाईल. मग धारदार एचएसएस (हाय-स्पीड स्टीलच्या) टूलने दोन्ही कॉलरवरून एकाच सेटिंगमध्ये ०.०५ मिमीचा हलका कट. त्याच सेटिंगवर, काहीही न हलवता, अजून एकदा टूल फिरवा. आणि मायक्रोमीटर. व्हर्निअरने हे काम होत नाही.

इथे साधा कार्बाइड इन्सर्ट वापरू नका. त्याची कड गोलसर असते आणि एवढा बारीक कट घेताना तो कापण्यापेक्षा जॉबला ढकलतोच जास्त. मग तुम्ही मशीन नाही, इन्सर्टचा रेटा मोजत बसता. एचएसएस नसेल तर अ‍ॅल्युमिनियमसाठी मिळणारा धारदार, पॉलिश केलेला इन्सर्ट चालेल. वेग २५ मिमीच्या एमएसला साधारण ३५० आरपीएम.

टोकाची कॉलर जाड आली तर टोकाकडे जाताना टूल अक्षापासून दूर जातंय, बारीक आली तर जवळ येतंय. १०० मिमीत ०.०२ पर्यंत मी काही करत नाही. माझी चाचणी ढिलाई काढल्यावरही ०.०७ दाखवत होती.

नेहमीप्रमाणे मी हेडस्टॉकचे बोल्ट सोडायला अ‍ॅलन की हातात घेतली. ते बोल्ट बेडच्या खालून आहेत, मशीन आडवं पाडल्याशिवाय की शिरत नाही. त्यामुळे कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींना मदतीला बोलावलं होतं. आम्ही त्यांना मामा म्हणतो. उभी हयात लेथवर गेलेली. माझं मशीन बघून ते दर वेळी हसतात, पण येतात. वहीतल्या नोंदी बघून म्हणाले, "सारखं डोकंच कशाला हलवतायसा? पाय बघितलासा काय त्याचं?"

पाय

मशीनबरोबर रबरी पाय आले होते. रबरावर लेथ थरथरतो, टेबलाला थेट बोल्ट मारा, हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो, आणि तो चूक नाही. मी रबर काढून बेडचे चारही कोपरे टेबलाला करकचून आवळले होते. टेबल प्लायचं. १८ मिमीचे दोन थर, खाली लाकडी फ्रेम. शेड मागच्या अंगणात, कौलारू. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहीत असेल. जून ते सप्टेंबर त्या शेडमध्ये आगकाडीसुद्धा पहिल्या झटक्याला पेटत नाही. प्लाय पाणी पितं, फुगतं, एका कोपऱ्यात दबतं. हिवाळ्यात सुकतं आणि उलटं वळतं. त्याला घट्ट बांधलेला बेडही सोबत पिळला जातो. ओतीव लोखंड पिळलं जात नाही, हा आपला समज. शतांशाच्या हिशोबात ते रबरासारखंच वागतं.

याची खात्री करायला दहा मिनिटं लागतात, आणि हे पोस्ट वाचून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. चारही पायांचे बोल्ट एकेक फेरा ढिले करा, पूर्ण काढू नका. दोन कॉलरची चाचणी, हलक्या कटने, पुन्हा घ्या. माझा टेपर ०.०७ वरून ०.०२ वर आला. हेडस्टॉकला हात न लावता.

मग कुठला पाय गुन्हेगार, ते शोधायचं. चकमध्ये लांब बार धरा, २०० मिमी बाहेर. मॅग्नेटिक बेस सॅडलवर, सॅडल टेलस्टॉककडे, डायलचं टोक बारला आपल्या बाजूने, सेंटरच्या उंचीवर. आता एकेक बोल्ट आवळत जा आणि सुईकडे बघा. माझे तीन बोल्ट आवळेपर्यंत सुई जागेवर होती. चौथा, टेलस्टॉककडचा माझ्या बाजूचा, आवळला आणि सुई चार शतांश सरकली. तो कोपरा टेबलात दबला होता आणि बोल्ट बेडला तिथे खाली खेचत होता.

दिशा लक्षात ठेवायला सोपी आहे. टोक जाड येत असेल तर टेलस्टॉककडचा पुढचा, म्हणजे आपल्या बाजूचा पाय वर उचला. बेड मागे कलतो आणि टूल जॉबच्या जवळ जातं. टोक बारीक येत असेल तर मागचा पाय उचला. मी पुढच्या पायाखाली कॅनच्या पत्र्याचा एक तुकडा घातला आणि त्या संध्याकाळी बुश बसलं.

पण हा इलाज एका संध्याकाळचाच, हे मामांना आणि मला दोघांनाही कळत होतं. प्लाय अजून हलणार होतं.

लाकडापासून सुटका

माझा पहिला विचार १०० मिमीचं एक चॅनेल आणून त्यावर लेथ बसवायचा होता. मामांनी तिथेच अडवलं. "उघडं चॅनेल पिळतंय. दोन घ्या, तोंडाला तोंड लावून पेटी करा. पेटी पिळत न्हाई." आणि ते खरं आहे. वाकण्याला चॅनेल दणकट असतं, पण पिळाला उघडं चॅनेल फार कच्चं, आणि आपलं दुखणं नेमकं पिळाचं. १०० बाय ५० ची दोन चॅनेल, ६०० मिमी लांब, तोंडाला तोंड लावून १०० बाय १०० ची पेटी केली. वजन साडेअकरा किलो. दोन्ही टोकांना वर १२ मिमीची आडवी पट्टी, त्यावर लेथचे पाय. भोकांचं माप कुठूनही उतरवून घेऊ नका, आपल्याच मशीनवरून घ्या. वेल्डिंग एका दमात लांब मारू नका. दोन इंच इकडे, दोन इंच तिकडे, मधे थंड होऊ द्या. तरीही ओढलं जातंच. माझ्या चार बैठका एका पातळीत नव्हत्याच, चौथ्या कोपऱ्यात फिलर गेज ०.३० गेला.

तीन बोल्ट आवळून चौथ्या पायाखालची फट मोजायची, तेवढीच शिम घालायची आणि डायल बघत आवळायचं. सुई हलली नाही म्हणजे बेड जसा ओतला-घासला गेला तसाच, मोकळा बसला. स्पिरिट लेव्हलची इथे गरज नाही. लेथ थोडा उताराला असला तरी मापात कापतो, फक्त पिळलेला नको. मोबाइलमधल्या लेव्हलने बेड तपासणाऱ्यांनी तर बॅटरी वाचवावी.

पेटी टेबलावर तीन पायांवर ठेवली आहे. मोटर आणि हेडस्टॉकचं वजन डावीकडे, म्हणून तिकडे दोन पाय, लांब-लांब, आणि टेलस्टॉककडे मधोमध एक. तीन टेकूंवर असल्यामुळे टेबल खाली कसंही वळलं तरी पेटी फार तर कलते, पिळली जात नाही. उजवीकडे कुणी रेलून मशीन कलंडू नये म्हणून एका पायाच्या दोन्ही बाजूंना टेबलावर ठोकळे ठेवलेत, पेटीपासून दोन मिमी खाली, एरवी न टेकणारे. पायांखाली पातळ कडक रबर. थरथर आधीपेक्षा कमी आहे, कारण आता लेथच्या अंगाला जादा लोखंड जोडलेलं आहे.

बोल्ट ढिले असताना जो ०.०२ उरला होता, तो जानेवारीतल्या माझ्याच करामतीचा. सुकून उलट्या वळलेल्या टेबलाला जुळवायला मी हेडस्टॉक फिरवला होता ना. आता पाया पक्का झाल्यावर एकदाच, शेवटचा, हेडस्टॉक ढिला केला. लाकडी ठोकळा लावून हातोडीची टिचकी, बोल्ट आवळणे, चाचणी. असं सहा वेळा. सहाव्यांदा ०.००८.

टेलस्टॉक या सगळ्यानंतरच जुळवायचा. सेंटर लावून कापलेल्या बारचं टोक जाड येत असेल तर टेलस्टॉक आपल्याकडे सरकवा. हेडस्टॉक आणि बेड नीट नसताना टेलस्टॉक जुळवला तर तो एकाच लांबीच्या जॉबला जुळतो.

मिलवाल्यांसाठी थोडं

शेजारी माझा छोटा मिल (मिलिंग मशीन) आहे, आणि मला वाटलं, त्यालाही पावसाळा लागला. कटरच्या दोन फेऱ्यांमध्ये पायरी येत होती. तिथे टेबलाचा काही दोष निघाला नाही. या मिलचा कॉलम मागच्या एकाच मोठ्या नटवर तोललेला असतो, तो नट सैल पडला की कॉलम डावी-उजवीकडे कलतो. स्पिंडलमध्ये आडव्या दांडीवर डायल लावून टेबलावर २०० मिमीचं वर्तुळ फिरवा, डावं-उजवं वाचन जुळेपर्यंत कॉलम हलवा, नट आवळा आणि आवळल्यावर पुन्हा फिरवून बघा, कारण आवळतानाच तो हलतो. पुढचं-मागचं वाचन जुळत नसेल तर कॉलमच्या बैठकीत शिम. आणि दर कटाआधी झेडचं लॉक लावा, नाहीतर हेड कट घेता घेता खाली बसतं.

लेथची चाचणी मी आता दर काही महिन्यांनी घेतो, बार तोच, कॉलर दर वेळी काही शतांशांनी बारीक होत जातात. सप्टेंबर ०.०१, डिसेंबर ०.०१, मे ०.०१. काल रात्री, पावसाची झड लागलेली असताना, ०.०१५ आलं. टूलची धार बोथट झाल्याचा संशय आहे. घासून उद्या परत घेतो.